संगणक अडतो तेव्हा : महाजालावरील मदत आणि ती मागण्याची रीत



संगणक अडला म्हणजे काय होते, हे मोठ्या कचेरीतील अधिकाऱ्यापेक्षा तालुक्याच्या गावी असलेल्या पतसंस्थेच्या, ग्रामपंचायतीच्या किंवा सार्वजनिक ग्रंथालयाच्या लिपिकाला अधिक चांगले ठाऊक असते. मोठ्या कचेरीत या कामासाठी स्वतंत्र कक्ष असतो. दूरध्वनी केला की माणूस येतो. लहान संस्थेत दुरुस्ती करणारा जिल्ह्याच्या ठिकाणाहून यावयाचा असतो. तो चार दिवसांनी येतो आणि आल्यावर बहुधा 'सगळे पुसून नव्याने भरावे लागेल' असे सांगतो. तोपर्यंत काम खोळंबते आणि रांगेतल्या माणसाला उत्तर देण्याची पाळी लिपिकावर येते. अशा वेळी त्याने महाजालाकडे वळावे हे स्वाभाविकच होय. तेथे मदत विपुल आहे आणि बहुतांशी ती विनामूल्य आहे. परंतु मदत आणि घात ही दोन्ही तेथे एकाच दाराने आत येतात, आणि त्यांतील कोणते काय हे ओळखण्याचे शिक्षण अद्याप पुरेसे दिले गेलेले नाही. संगणक चालविण्याचे वर्ग राज्यात गावोगावी झाले. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ मर्यादित ही संस्था २००१ साली स्थापन झाल्यापासून लक्षावधी लोकांनी संगणकाची ओळख करून घेतली. मात्र तो अडल्यावर कोणाला आणि कसे विचारावे, हा धडा ज्याने त्याने आपापल्या परीने आणि पुष्कळदा ठेच लागल्यावरच शिकावा, अशी स्थिती आहे.

मजकूर गेला की दिसेनासा झाला?

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एका पतसंस्थेच्या लिपिकाचे उदाहरण कल्पावे. विंडोज १० या प्रणालीला मायक्रोसॉफ्ट कंपनीकडून मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुनी यंत्रे बदलण्याचे ते एक निमित्त ठरले. या लिपिकाच्या संस्थेनेही नवे यंत्र आणले, जुन्यातील फायली त्यात उतरवून घेतल्या आणि जुने यंत्र माळ्यावर टाकले. सहकार कायद्याप्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावयाची असते. गेल्या वर्षीच्या अहवालावरून यंदाचा अहवाल तयार करावा म्हणून त्याने जुनी फाईल उघडली, तो पडद्यावर मराठीचे एक अक्षर नाही! इंग्रजी अक्षरे, कंस, टक्क्यांची चिन्हे यांची निरर्थक जुळणी ओळीमागून ओळ चाललेली. दहा-बारा वर्षांची इतिवृत्ते, सभासदांची यादी, थकबाकीदारांना पाठविलेल्या नोटिसांचे मसुदे, सर्वांची तीच गत.

यंत्रात विषाणू शिरला, असे त्याच्या मनात प्रथम येते. सर्व मजकूर नष्ट झाला, हा विचार त्यामागोमाग येतो. दोन्ही चुकीचे आहेत. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठी असलेली संकेतप्रणाली रुळण्यापूर्वी मराठीसाठी जे फाँट वापरले जात, त्यांपैकी अनेकांत रोमन अक्षराच्या जागी देवनागरी अक्षराचे, किंवा त्याच्या तुकड्याचे, चित्र बसविलेले असे. फाईलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरांचेच संकेत साठविले जात; फाँट त्यांवर मराठीचा पोशाख चढवी. नव्या यंत्रात तो फाँट नाही, म्हणून पोशाख उतरला आणि आतले रोमन अक्षर उघडे पडले. मजकूर जागेवर आहे. जुन्या यंत्रातील फाँट, त्याच्या परवान्याच्या अटी सांभाळून, नव्या यंत्रात आणला की इतिवृत्ते पूर्ववत दिसू लागतात.

हे वेगळेपण लिपिकाला ठाऊक नसते आणि त्यात त्याचा दोष नाही. परंतु 'मराठी दिसत नाही' या तीन शब्दांत निदान चार निरनिराळे बिघाड दडलेले असतात, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो, हे लक्षात घेणे अगत्याचे आहे. रोमन अक्षरांची जुळणी दिसणे हा पहिला प्रकार झाला. दुसऱ्या प्रकारात रिकामे चौकोन दिसतात. तेथे संकेत युनिकोडचाच असतो, पण वापरात असलेल्या फाँटमध्ये त्या अक्षराचे चित्र नसते. 'ॲ' हे अक्षर याचे बोलके उदाहरण आहे. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत १९९१ पासून देवनागरी आहे, पण 'ॲ' या अक्षराला स्वतःचा संकेत मिळाला तो २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्यापूर्वीच्या फाँटमध्ये ते असण्याचे कारणच नव्हते. म्हणून लोक 'अ' लिहून त्यावर चंद्र चढवीत. डोळ्यांना दोन्ही जवळजवळ सारखी दिसतात, यंत्राच्या लेखी मात्र ती दोन भिन्न अक्षरे आहेत. सभासदांच्या यादीत वकिलांची नावे एका रीतीने नोंदलेली असली आणि शोध दुसऱ्या रीतीने घेतला, तर संस्थेत एकही वकील सभासद नाही असे यंत्र ठामपणे सांगते.

तिसऱ्या प्रकारात डोक्यावर तिरपी रेघ असलेले लहान 'ए' हे रोमन अक्षर आणि त्यापुढे चार टोकांचे चलनाचे चिन्ह अशी जोडी ओळीभर पुनःपुन्हा येते. ही जोडी ओळखू आली म्हणजे अर्धे काम झाले. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठविले जाते आणि त्यांतील पहिला बाइट सर्वांचा समान असतो. उघडणाऱ्या प्रोग्रॅमने ते तीन बाइट तीन युरोपीय अक्षरे म्हणून वाचले की हे चित्र उमटते. एक्सेलमध्ये याद्या उघडताना हा प्रकार पुष्कळ वेळा घडतो. फाईल थेट न उघडता 'डेटा' या भागातून आत घ्यावी आणि विचारले जाईल तेथे यूटीएफ-८, म्हणजे ६५००१ क्रमांकाची संकेतावली, निवडावी. मराठी परत येते.

चौथा प्रकार तेवढा खरोखर घातक आहे. अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे दिसली, तर युनिकोड मजकूर कोणीतरी जुन्या संकेतपद्धतीत साठविला आणि ज्या अक्षरांना तीत जागा नव्हती त्यांच्या जागी यंत्राने प्रश्नचिन्ह लिहून टाकले, असा बहुधा त्याचा अर्थ होतो. तसे झाले असेल, तर त्या फाईलीतून मूळ अक्षरे कोणीही परत आणू शकत नाही. असे काही साठविताना यंत्र पुष्कळदा आधी इशारा देते; तो वाचण्यापूर्वीच माणूस 'ठीक आहे' हे बटण दाबून मोकळा होतो. येथे उपाय एकच. ती फाईल पुन्हा साठवू नये आणि मूळ प्रत पेन ड्राइव्हवर, ई-मेलमध्ये वा अन्य यंत्रात आहे का ते शोधावे. चारही प्रकारांना सारखा लागू पडणारा नियम हा की, कोणताही प्रयोग करण्यापूर्वी फाईलीची प्रत काढून बाजूला ठेवावी आणि प्रयोग प्रतीवर करावा. फाईल बिघाडाने जाते त्याहून अधिक वेळा ती उपायाने जाते.

प्रश्न कसा विचारावा

वैद्याकडे जाणारा रोगी 'बरे वाटत नाही' एवढेच सांगून थांबत नाही. कोठे दुखते, केव्हापासून, काय खाल्ले, हे तो सांगतो. संगणकाच्या बाबतीत मात्र सुशिक्षित माणूसही 'चालत नाही, तातडीने मदत करावी' असे लिहून मोकळा होतो आणि उत्तर आले नाही की जगाला दोष देतो. उत्तर देणारा कोण असतो, याचा विचार येथे करावयास हवा. तो बहुधा पगारी नोकर नसतो. हेलसिंकीतला विद्यार्थी, नागपूरचा निवृत्त अभियंता, बंगळूरला नोकरी करणारी एखादी तरुणी, अशी ती मंडळी आपले काम आटोपल्यावर दुसऱ्याच्या अडचणीसाठी दहा मिनिटे काढतात. त्या दहा मिनिटांतील आठ मिनिटे 'कोणते यंत्र? कोणती प्रणाली? काय दिसते?' असे विचारण्यातच गेली, तर ती मंडळी पुढच्या प्रश्नाकडे वळतात. एरिक रेमंड व रिक मोएन यांनी प्रश्न विचारण्याच्या रीतीवर २००१ साली एक निबंध लिहिला. त्याचा सूर काहीसा करडा आहे आणि नवख्या माणसाला तो लागण्यासारखा आहे. परंतु त्यातील मूळ म्हणणे आजही टिकून आहे : विचारणाऱ्याने आधी स्वतः काय शोधले व काय करून पाहिले हे सांगितले, की उत्तर देणाऱ्याला हुरूप येतो.

यंत्राची प्रणाली व तिची आवृत्ती, अडलेल्या प्रोग्रॅमचे नाव, बिघाडापूर्वी झालेला शेवटचा बदल आणि पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा, एवढे सांगितले की प्रश्न उभा राहतो. संदेशातील शब्दांचा आपल्या मनाने अर्थ लावून लिहू नये. विशेषतः संदेशाखाली अंक व अक्षरांचा जो लांबलचक क्रमांक असतो तो कंटाळवाणा असला तरी जपावा, कारण शोधयंत्राला त्याच्याइतका चांगला धागा दुसरा मिळत नाही. तो क्रमांक दुहेरी अवतरणचिन्हांत लिहून शोध घेतला, तर नेमक्या त्याच बिघाडाची पाने पुढे येण्याचा संभव वाढतो. पडद्याचे छायाचित्र जोडण्यापूर्वी मात्र त्यात सभासदाचे नाव, खाते क्रमांक किंवा आधार क्रमांक दिसत नाही ना, हे तपासून पाहावे. प्रश्न संस्थेचा असतो, माहिती सभासदाची असते.

आणखी एक चूक हुशार माणसांच्या हातून होते. ती मंडळी आपला आजार न सांगता, स्वतः ठरविलेल्या औषधाविषयीच विचारतात. आपल्या लिपिकाने 'विषाणू काढण्याचा सर्वांत चांगला प्रोग्रॅम कोणता?' असे विचारले, तर त्याला विषाणूनाशकांची दहा नावे मिळतील, ती सर्व खरीही असतील, आणि इतिवृत्ते मात्र अगम्यच राहतील. त्याने मजकुराचा भाग निवडून वर्डच्या पट्टीतील फाँटची चौकट पाहिली असती, तर यंत्रात नसलेल्या त्या फाँटचेही नाव तेथे दिसले असते. त्या नावानिशी शोध घेतला असता, तर तो योग्य पानावर गेला असता.

उत्तराचे वय

महाजालावर परस्परांच्या अडचणी सोडविण्याची प्रथा तशी जुनी आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस या विद्यार्थ्यांनी १९७९ साली यूजनेटची कल्पना मांडली आणि पुढे तेथे विषयवार प्रश्नोत्तरांचे गट उभे राहिले. तेच तेच प्रश्न वारंवार येऊ लागल्यावर त्यांची उत्तरे एकत्र करून ठेवण्याची पद्धत तेथे दृढ झाली. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेटसेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. पुढल्याच वर्षी मायबोली हे मराठी संकेतस्थळ निघाले. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला आणि तेथील सार्वजनिक चर्चेच्या पानाला 'चावडी' हे अगदी यथार्थ नाव मिळाले. जगभर पसरलेल्या मराठी माणसांनी देवनागरीत टंकलेखन कसे करावे, हे अशा ठिकाणी एकमेकांना विचारून शिकून घेतले, हा इतिहास फारसा कोणी लिहून ठेवलेला नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी स्टॅक ओव्हरफ्लो हे संकेतस्थळ २००८ मध्ये आणि सामान्य वापरणाऱ्यांसाठी सुपर यूजर हे २००९ मध्ये निघाले. उत्तरांना वाचकांनी मते द्यावयाची आणि ज्याने विचारले त्याने उपयोगी पडलेल्या उत्तरापुढे बरोबरची खूण करावयाची, अशी तेथील रीत.

परंतु ही खूण उत्तर त्या वेळी बरोबर होते, एवढेच सांगते. विंडोज एक्सपीच्या काळात मराठी सुरू करावयाचे, तर जटिल लिप्यांचा आधार प्रणालीच्या सीडीवरून वेगळा बसवावा लागे. त्या वेळची उत्तरे अजूनही शोधात सापडतात, आणि ज्या यंत्राला सीडीचा कप्पाच नाही त्याच्यापुढे बसलेला वाचक बुचकळ्यात पडतो. आज विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज'मध्ये जाऊन भाषांच्या यादीत मराठी जोडली की काम होते. रोमन कळांनी उच्चाराप्रमाणे मराठी लिहिण्याचा कळफलक २०१९ पासून विंडोजमध्येच मिळतो, त्यासाठी अनोळखी ठिकाणाहून काही उतरवून घेण्याची गरज नाही. (विंडोजबरोबर वर्षानुवर्षे घरोघरी पोहोचलेला 'मंगल' हा देवनागरी फाँट प्रा. र. कृ. जोशी यांच्या हातचा, हेही जाता जाता सांगावयास हरकत नाही.) म्हणून उत्तर वाचण्यापूर्वी त्याची तारीख आणि ज्या आवृत्तीसाठी ते दिले ती आवृत्ती पाहावी.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला थेट मराठीत विचारण्याची सोय झाली आहे. इंग्रजीतील संदेशाचा अर्थ समजावून घेण्यास, किंवा आपला मराठी प्रश्न नीट इंग्रजीत मांडून घेण्यास तिचा चांगला उपयोग होतो. इंग्रजीच्या भीतीने जो लिपिक विचारतच नसे, तो आता विचारू लागला, हा लाभ लहान नव्हे. तथापि ही साधने चुकीचे उत्तरही तितक्याच आत्मविश्वासाने देतात. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस लोकांपुढे आले आणि डिसेंबरातच स्टॅक ओव्हरफ्लोने त्याने लिहिलेली उत्तरे देण्यास मनाई केली. ती वरवर पटण्याजोगी, पण पुष्कळ वेळा चुकीची असत, हे त्याचे कारण होते. अशा साधनाने एखादी आज्ञा यंत्राला द्यावयास सांगितली, तर तीच गोष्ट यंत्राच्या किंवा प्रोग्रॅमच्या कंपनीच्या स्वतःच्या साहाय्यपृष्ठावर सापडते का, हे आधी पाहावे.

फोन नंबर देणारी मदत

आता लिपिकाकडे पुन्हा वळू. घाबरून त्याने शोधयंत्रात 'संगणक विषाणू मदत क्रमांक' असे लिहिले, असे समजावे. वरच्या ओळींवर 'प्रायोजित' अशी बारीक अक्षरांत नोंद असते; ती जागा पैसे देऊन विकत घेतलेली असते आणि विकत घेणारा सज्जन असेलच असे नाही. तेथल्या क्रमांकावर फोन केला की पलीकडचा माणूस अत्यंत अदबीने बोलतो. दुरून यंत्राचा ताबा देणारे एक ॲप तो उतरवून घ्यावयास लावतो. ताबा मिळाला की तो विंडोजमधील घटनांची नोंदवही उघडून तांबड्या-पिवळ्या खुणांची लांब यादी दाखवितो व 'हे सगळे विषाणू' असे सांगतो. वास्तविक कोणत्याही धडधाकट यंत्रात अशा खुणा रोज पडतात. त्या किरकोळ नोंदी असतात. मग 'नोंदणीसाठी फक्त दहा रुपये' भरावयास सांगितले जाते, आणि ते भरताना पडद्यावर उमटणारा प्रत्येक आकडा तो माणूस पाहत असतो. पुष्कळदा 'पैसे परत करतो' म्हणून यूपीआयचा गुप्त क्रमांक टाकावयास लावतात. पैसे घेण्यासाठी तो क्रमांक कधीच लागत नाही. तो टाकला की पैसे जातात. दुरून ताबा देणाऱ्या ॲपच्या आधारे होणाऱ्या अशा फसवणुकीबाबत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केले होते. पतसंस्थेच्या यंत्रावर हे घडले तर गमवावी लागणारी रक्कम लिपिकाची एकट्याची राहत नाही. शेतमजुराने मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली ठेव तीत असते.

कधी फोन करण्याचीही वाट पाहिली जात नाही. पडदा अचानक तांबडा किंवा निळा होतो, भोंगा वाजू लागतो, 'यंत्र बंद करू नका, ताबडतोब या क्रमांकावर संपर्क साधा' असा मजकूर येतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांत फोन क्रमांक कधीही नसतो, हे त्या कंपनीनेच जाहीर केले आहे. हा तमाशा बहुतेक वेळा ब्राउझरचे एक पान असतो. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबून ब्राउझर बंद केला, किंवा यंत्र सरळ बंद करून पुन्हा सुरू केले, की तो संपतो. २०२४ पासून आणखी एक युक्ती पसरली आहे. 'आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करा' असे सांगून विंडोज व आर या कळा दाबावयास आणि तेथे काही चिकटवून एंटर करावयास लावतात. तसे करणे म्हणजे चोराने लिहून दिलेला हुकूम आपल्याच हाताने बजावणे होय. कोणत्याही प्रामाणिक पानाला पडताळणीसाठी याची गरज नसते.

ताबा देऊन बसल्याचे लक्षात आले, तर लाजेपोटी गप्प राहू नये, कारण येथे तास नव्हे, मिनिटे मोलाची असतात. प्रथम यंत्राचा महाजालाशी असलेला संबंध तोडावा. लगेच बँकेला कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा. आर्थिक सायबर फसवणुकीच्या तक्रारी तेथे घेतल्या जातात आणि रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्यापूर्वी ती गोठविण्याचा प्रयत्न होतो. केंद्र शासनाच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावरही तक्रार नोंदविता येते. संकेतशब्द बदलावयाचे ते दुसऱ्या यंत्रावरून. संगणकाच्या आधारे तोतयेगिरी करून फसविणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६-ड खाली गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

मिळालेले उत्तर लिहून ठेवणे

अमेरिकी व्यंगचित्रकार रँडल मन्रो यांचे २०११ मधील एक चित्र संगणकाच्या वर्तुळात प्रसिद्ध आहे. आपल्यासारखीच अडचण दुसऱ्या एकाला काही वर्षांपूर्वी आली होती, त्याने ती विचारलीही होती, पण त्याला उत्तर कोणीच दिले नाही, हे पाहून चित्रातला माणूस त्या अज्ञात मनुष्याला पडद्यापुढे उभा राहून हाका मारतो. मराठी वाचकाची स्थिती याहून बिकट आहे. इंग्रजीत प्रश्न तरी सापडतो. मराठीत पुष्कळदा प्रश्नही सापडत नाही. 'झाले, आभार' एवढे लिहून विचारणारा निघून जातो, आणि काय केल्याने झाले हे त्याच्याबरोबरच जाते. दूरध्वनीवरून एकाने दुसऱ्याला सांगितलेले उत्तर तिसऱ्याला मिळत नाही. चित्रफितीत दाखविलेले उत्तर शोधयंत्राला नीट वाचता येत नाही. शिवाय मराठी मजकूर जर जुन्याच फाँटमध्ये टंकलिखित करून ठेवला असेल, तर कोणतेही शोधयंत्र त्यापर्यंत पोहोचत नाही, कारण त्याच्या लेखी ती रोमन अक्षरांची जुळणीच असते. म्हणजे फाँटची अडचण सोडविण्याचा उपायही त्याच फाँटमध्ये बंद!

पतसंस्थेच्या लिपिकाने शेवटी फाँटचे नाव शोधून काढले. 'नवे यंत्र, विंडोज ११. जुन्या वर्ड फायली उघडल्यास मराठीऐवजी रोमन अक्षरे दिसतात, चौकोन किंवा प्रश्नचिन्हे नाहीत. पट्टीत फाँटचे हे नाव दिसते. जुने यंत्र उपलब्ध आहे. मजकूर कायमचा युनिकोडमध्ये न्यावयाचा आहे,' असा प्रश्न त्याने लिहिला. त्याला दुसऱ्या दिवशी उत्तर आले, असे धरून चालू. अशा प्रश्नाला ते बहुधा येते. माळ्यावरचे यंत्र खाली आणून त्यातील फाँट घ्यावा, इतिवृत्ते आधी वाचता येतात याची खात्री करावी, त्यानंतर त्याच फाँटसाठी असलेल्या परिवर्तकाने एका प्रतीवर रूपांतर करावे, असे ते उत्तर. प्रत्येक कंपनीच्या फाँटची मांडणी निराळी असल्यामुळे एकाचा परिवर्तक दुसऱ्याला चालत नाही, हेही त्यात होते.

रूपांतर यंत्राने क्षणात केले, तपासणीला मात्र तीन संध्याकाळ लागल्या. ऱ्हस्व वेलांटी जुन्या फाँटमध्ये अक्षराच्या आधी लिहिली जाई, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठविली जाते. तेथे काही नावे बिघडली. रफार पुढच्या अक्षरावरून घसरले. 'कऱ्हाड' आणि 'दुसऱ्या' यांतील 'ऱ्य', 'ऱ्ह' ही जोडाक्षरे सर्वत्र तुटली. मजकुरात मधूनमधून आलेली इंग्रजी नावे परिवर्तकाने मराठी समजून बदलून टाकली. सभासदांची यादी म्हणून त्याने मूळ नोंदवहीशी नावागणिक ताडून पाहिली.

त्यानंतर ज्या ठिकाणी प्रश्न विचारला होता, तेथे त्याने मराठीत, युनिकोडमध्ये, खाली लिहिले : फाँटचे पूर्ण नाव, परिवर्तकाचे नाव, वर्डची आवृत्ती, रूपांतरानंतर हाताने तपासावयाच्या चार जागा, आणि त्या दिवसाची तारीख.